घरातला वादक गेल्यानंतर त्याच्या गाण्यांच्या रॉक कार्यक्रमाला जाताना: बडोदेकरांसाठी क्रमवार तयारी

नात्यात आणि ओळखीत हे मी तीनदा पाहिलं. घरातला वादक जातो. वर्ष-दीड वर्षानं जुन्या रॉक गाण्यांचा कार्यक्रम गावात लागतो, म्हणजे त्याचीच गाणी. पोरं हौसेनं सात-आठ तिकिटं काढतात, फोटोची फ्रेम करून घेतात आणि सगळं ठरल्यावर त्याच्या बायकोला सांगतात. ती नाही म्हणत नाही. तिसऱ्या गाण्याला उठते आणि उरलेला वेळ पार्किंगमध्ये गाडीला टेकून उभी राहते.

यात कुणाची नियत वाईट नसते, क्रम चुकलेला असतो. श्रद्धांजलीचं सगळं ओझं त्या दोन तासांवर टाकलं जातं. फोटो तिथेच, रडणं तिथेच, फर्माईश तिथेच, व्हिडिओही तिथेच. आठवणींचं काम कार्यक्रमाच्या आधी आणि नंतर करायचं. मधले दोन तास फक्त ऐकायचं. खालचे टप्पे याच हिशेबानं लावले आहेत.

माझा काका लीड गिटार वाजवायचा, म्हणजे गाण्यातली मुख्य सुरावट वाजवणारी गिटार. सूरसागर तलावासमोरच्या म्युझिक कॉलेजात त्यानं नाव घातलं होतं ते तबल्यासाठी. गिटार तो कॅसेट मागे-पुढे करून घरीच शिकला. नवरात्रात नऊ रात्री गरब्याला, लग्नसराईत ऑर्केस्ट्रात, आणि उरलेल्या दिवसांत स्वतःसाठी रॉक. मुंबईच्या रंगभवनातले रॉकचे कार्यक्रम ऐकायला तो रात्रीच्या गुजरात मेलनं जायचा. त्याच्या गाण्यांना आम्ही गेलो तेव्हा काय जमलं आणि काय हुकलं, त्यातून हे लिहितो आहे.

टप्पा १ : आधी घरच्यांना विचारा, तिकीट नंतर

ज्यांचं दुःख सगळ्यात जवळचं आहे, त्यांना आधी विचारायचं. बायको, आई-वडील, मुलं, सख्खी भावंडं. प्रत्येकाला वेगळं गाठा. सगळ्यांना एकत्र बसवून विचारलंत तर मोठ्या आवाजातल्या माणसाचं मत ते सगळ्यांचं मत होतं.

वर्ष झालं नसेल तर आणखी एक गोष्ट. आपल्याकडे बऱ्याच घरांत वर्षश्राद्ध होईपर्यंत सण-समारंभ करत नाहीत. गाण्याचा कार्यक्रम हा समारंभ की नाही, यावर घरातल्या वडीलधाऱ्यांशी वाद घालू नका. त्यांना तो समारंभ वाटत असेल तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबा. अशा कार्यक्रमांचा हंगाम दरवर्षी येतो.

विचारायचं कसं, यावर बरंच काही ठरतं. “येणार ना?” हा प्रश्नच नव्हे, त्यात उत्तर आधीच घातलेलं असतं. मी काकूला असं म्हटलं: “काकू, काकाच्या गाण्यांचा कार्यक्रम आहे. तुला यावंसं वाटलं तर तुझं तिकीट काढतो. नाही वाटलं तर मी एकटा जाऊन येतो आणि काय काय झालं ते येऊन सांगतो.” मग तीन दिवस विषय काढला नाही. चौथ्या दिवशी मेथी निवडता निवडता ती म्हणाली, “त्याचं ते हिरवं जॅकेट घालून कुणी येणार नसेल तर येते.”

हे जॅकेट तिच्या मनात असेल, हे माझ्या गावीही नव्हतं. चुलतभावानं ते धुऊन-इस्त्री करून तयार ठेवलं होतं. ते परत कपाटात गेलं.

*सावधान :* सरप्राइज देऊ नका. वाढदिवसाला चालतं, इथे नाही.

*तपासणी :* येणारा प्रत्येक जण स्वतःच्या तोंडानं हो म्हणाला आहे का? गप्प बसलेल्यांना हो म्हणालेल्यांत मोजू नका.

टप्पा २ : कार्यक्रम नेमका काय आहे ते बघा

पोस्टरवर मोठ्या अक्षरात जुन्या बँडचं नाव असतं आणि खाली बारीक अक्षरात ‘ट्रिब्यूट’. म्हणजे मूळ बँड येत नसून त्यांची गाणी वाजवणारे दुसरे कलाकार येत आहेत. त्यात वावगं काही नाही, आमचा कार्यक्रमही तसाच होता. पण घरच्यांना ते आधी माहीत हवं. मूळ बँडसुद्धा आता पूर्वीचे राहिलेले नाहीत. डीप पर्पलचे कीबोर्डवादक जॉन लॉर्ड २०१२ मध्ये गेले, ईगल्सचे गायक-गिटारवादक ग्लेन फ्राय २०१६ मध्ये. स्टेजवर कोण असणार आणि कोण नसणार, हे घरीच बोलून घ्यावं.

त्यानंतर जागा. अकोट्याचं सर सयाजीराव नगरगृह किंवा जुबिली बागेजवळचं महात्मा गांधी नगरगृह अशा बंद सभागृहात ठरलेली खुर्ची मिळते. नवलखीसारख्या मैदानात धूळ असते, चालणं जास्त पडतं, आणि तिकिटावर ‘स्टँडिंग’ लिहिलं असेल तर अख्खा कार्यक्रम उभ्यानं. सत्तरीच्या पुढचं कुणी बरोबर असेल तर बसायची जागा असल्याखेरीज तिकीट काढू नका. पुढची रांगही टाळा. स्पीकरचे मनोरे तिथेच असतात. मधल्या भागातल्या, वाटेच्या कडेच्या खुर्च्या घ्या, म्हणजे कुणाला उठावंसं वाटलं तर दहा गुडघे ओलांडावे लागणार नाहीत.

वेळेचंही बघा. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम उघड्यावर रात्री १० नंतर लाउडस्पीकर लावू देत नाहीत. काही ठरावीक दिवसांना राज्य सरकार १२ पर्यंत सूट देतं. त्यामुळे मैदानातला कार्यक्रम बहुधा १०ला आवरतो. उशिरा पोचलात तर तेवढी गाणी गेलीच, शेवट लांबवून कुणी ती भरून देत नाही.

जानेवारीत उत्तरायणाच्या, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीच्या, आसपास कार्यक्रम असेल तर दुचाकीनं जाऊ नका. १४-१५ तारीख उलटली तरी झाडांना आणि तारांना मांजा लोंबत असतो आणि अंधारात तो दिसत नाही.

टप्पा ३ : गाणी आधी घरात वाजू द्या

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. गेलेल्या माणसाचं आवडतं गाणं कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा कानावर पडणार, तेही प्रचंड आवाजात आणि अनोळखी गर्दीत, तर छातीत धस्स होणारच. तो पहिला धक्का स्वयंपाकघरात बसू द्या.

१. कार्यक्रमाच्या तीन आठवडे आधी त्याच्या पाच गाण्यांची यादी करा. पाचच. पंधरा केलीत तर एकही नीट ऐकून होत नाही.

२. आठवड्यातून दोनदा, चहाच्या वेळेला, लहान आवाजात एकेक लावा. कुणी उठून गेलं तर जाऊ द्या, गाणं बंद करू नका आणि मागे धावूही नका.

३. मुलांना गिटार ओळखायला शिकवा. लीड कुठली, ठेका धरणारी ऱ्हिदम कुठली, खर्जातला बेस कुठे चालतो. आमच्या भाचीला आधी सगळं एकच गोंगाट वाटायचं. मग तिला एका गाण्यात फक्त बेसवर बोट धरून चालायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी तीच मला सांगायला लागली, “मामा, इथे काका-आजोबा आत येतात.”

टप्पा ४ : त्याचं वाद्य आणि त्याच्या कॅसेट

कार्यक्रम ठरला की घरात कुणीतरी कपाटावरची गिटार खाली काढतंच. याच वेळी सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून इथे थोडा वेळ घेतो.

केस उघडण्याआधी फोनवर फोटो काढा, उघडल्यावर पुन्हा काढा. आतली प्रत्येक चिठ्ठी आणि प्रत्येक प्लेक्ट्रम (तारा छेडायची छोटी चकती) जिथे आहे तिथे असतानाचा फोटो हवा. काकाच्या केसमध्ये एका कोपऱ्यानं पार गोल झिजलेलं प्लेक्ट्रम होतं, आणि बँकेच्या पैसे भरायच्या स्लिपच्या मागे नवरात्राच्या नऊ रात्रींचा हिशेब. सात रात्रींपुढे टिकमार्क होते, दोन रिकाम्या. त्या दोन रात्री काकूला आठवल्या. एकीला पाऊस पडला होता आणि दुसरीला चुलतभाऊ तापानं फणफणला होता. स्लिप कचरा समजून उचलली गेली असती तर त्या रात्रीही गेल्या असत्या.

आता गिटार.

१. गंजलेल्या जुन्या तारा सुरात लावायला जाऊ नका. पूर्ण ताण आला की त्या तुटतात, आणि तुटलेली तार सरळ तोंडावर येते.

२. मान वाकली आहे का, ब्रिज, म्हणजे तारा खाली जिथे टेकतात तो भाग, उचलला गेला आहे का, हे वाद्य दुरुस्त करणाऱ्याला दाखवा. नव्या तारा त्यानंतर. पूर्वी ज्या जाडीच्या तारा होत्या त्याच जाडीच्या बसवा. त्याहून जाड बसवल्यात तर मानेवर ताण वाढतो.

३. इलेक्ट्रिक गिटारचा व्हॉल्यूम फिरवताना खरखर येत असेल तर घाबरू नका. बहुतेक वेळा नॉबच्या आत धूळ किंवा गंज असतो, कॉन्टॅक्ट क्लीनरनं तो जातो.

४. फ्रेटबोर्डवर, म्हणजे मानेवरच्या बोटं दाबायच्या पट्टीवर, बोटांनी पडलेले खळगे घासून-पुसून ‘नवे’ करू नका. दुरुस्तीवाल्यालाही हे आधी बजावून सांगा. वर्षानुवर्षं तो माणूस रोज जिथे बोट दाबत होता, ती जागा पॉलिशखाली जाते.

५. जुन्या तारा पाकिटात घालून ठेवा.

*सावधान :* गिटार गाडीच्या डिकीत ठेवून कार्यक्रमाला नेऊ नका. बडोद्याच्या उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत लाकूड चिकटवलेला सरस मऊ पडतो आणि जोड सुटतात. तसंही तिला आत कुणी घेऊ देणार नाही.

कॅसेटचं काम याहून नाजूक. माझ्या हातून एक चूक झाली, ती इथे लिहून ठेवतो. काकाची घरी रेकॉर्ड केलेली एक सी-६० होती. जुन्या टेपरेकॉर्डरवर लावताना प्लेऐवजी माझं बोट रेकॉर्डवर गेलं. लक्षात येऊन बंद करेपर्यंत अकरा सेकंद पुसले गेले. त्या अकरा सेकंदांत वाजवणं नव्हतं, तो गिटार सुरात लावत होता आणि मागे काकू काहीतरी विचारत होती. आता तिथे आमच्या पंख्याचा आवाज आहे. म्हणून हा क्रम मोडू नका:

१. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन टोकांना दोन छोट्या प्लास्टिकच्या पट्ट्या असतात. कॅसेट यंत्रात घालण्याआधी त्या दोन्ही तोडा. पट्टी नसली की रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही.

२. फीत उजेडात बघा. पांढरी बुरशी दिसली तर वाजवू नका. हे काम करणाऱ्याकडे द्या, नाहीतर बुरशी यंत्राच्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटला.

३. खालच्या कडेच्या उघड्या भागात, फितीच्या मागे, मधोमध एक छोटा नमद्याचा (दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाचा) तुकडा असतो. वर्षानुवर्षं पडून राहिल्यावर तो गळून पडतो आणि आवाज दबका येतो. तसं झालं असेल तर दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या डबीत फीत बदलून घ्या.

४. यंत्राचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, कापसाच्या काडीनं पुसा आणि वाळू द्या.

५. कॅसेट एकदा टोकापर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळा. एकमेकांना चिकटलेले वेढे सुटतात.

६. मग पहिल्यांदाच वाजवताना थेट संगणकावर रेकॉर्ड करा. आवाज जसाच्या तसा ठेवणारी डब्ल्यूएव्ही फाइल ठेवा, एमपी३ नंतर वाटायला करा. दोन प्रती दोन वेगळ्या घरांत.

*तपासणी :* फाइल शेवटपर्यंत ऐकली का? सी-६०ची एक बाजू ३० मिनिटांची, सी-९०ची ४५. फाइल त्याहून बरीच लहान असेल तर फीत मध्येच अडकली आहे.

टप्पा ५ : आयोजकांना विचारायचं असेल तर

स्टेजवरून नाव घ्यावं असं घरच्यांना वाटत असेल तर किमान दहा दिवस आधी आयोजकांना लिहा. मजकूर तुम्हीच तयार द्या. दोन वाक्यं, वीसेक शब्द: नाव, काय वाजवायचा, कुठल्या गावचा. जन्मापासूनचा वृत्तांत दिलात तर निवेदक तो वाचणार नाही, किंवा चुकीचा वाचेल. हो म्हणाले तरी घरी ‘कदाचित’ म्हणूनच सांगा, कारण ऐन वेळी राहून जातं आणि काकू मात्र प्रत्येक गाण्याआधी कान टवकारून बसते.

नाव घेतलं गेलं नाही म्हणून आदर कमी झाला असं मला वाटत नाही. लेड झेपेलिनचे ड्रमर जॉन बोनहॅम १९८० मध्ये गेले. १० डिसेंबर २००७ला लंडनमध्ये तो बँड पुन्हा उभा राहिला तेव्हा ड्रमवर त्यांचा मुलगा जेसन बसला होता. ईगल्समध्येही २०१७ पासून ग्लेन फ्राय यांच्या जागी त्यांचा मुलगा डीकन गायला लागला. मुलानं वडिलांचं काम वाजवून दाखवलं, यापेक्षा मोठा उल्लेख कुठला निवेदक करणार?

टप्पा ६ : कान, औषधं, पिशवी

रॉकचा आवाज अंगावर येतो, आणि आलाच पाहिजे. पण कान जपायचे ते आपणच. ८५ डेसिबलपर्यंतचा आवाज कान आठ तास सोसतात. त्यावर दर ३ डेसिबलला ती मुदत निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. स्पीकरजवळ १०० सहज ओलांडले जातात.

मोठ्यांना फोमचे इअरप्लग चालतात, पण ते नुसते टेकवून ठेवले तर उपयोग नाही. बोटांनी बारीक वळी करा, दुसऱ्या हातानं कान वर आणि मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत तीसेक सेकंद बोटानं धरून ठेवा. घरी दोनदा सराव करा. लहान मुलांना डोक्यावरून घालायचे इअरमफ. तान्ह्या बाळाला नेऊच नका, आजीजवळ ठेवा.

कुणाला फिट्स येत असतील तर भराभर लुकलुकणारे दिवे असणार का, हे आयोजकांना आधीच विचारा. मधुमेह असणाऱ्यानं रात्रीची गोळी आणि खाणं कधी, ते निघण्याआधी ठरवावं. कार्यक्रम संपला तरी बाहेर पडायला अर्धा तास जातो. डिसेंबर-जानेवारीत मैदानावर साडेआठनंतर चांगलाच गारठा पडतो, शाल घ्या.

*सावधान :* मुंबई-पुण्याहून त्याचे जुने बँडमित्र येत असतील तर त्यांना आधी फोन करून सांगा. ‘त्याच्या नावानं एक पेग’ म्हणून कुणी बाटली आणेल. गुजरातेत दारूबंदी आहे आणि गेटवर पिशव्या तपासतात. तो तमाशा काकूच्या डोळ्यांदेखत नको.

टप्पा ७ : ती संध्याकाळ

१. फोटोला हार घरी घाला, निघण्याआधी. देवाजवळ दिवा लावायचा असेल तर तोही तेव्हाच. फ्रेम बरोबर नेऊ नका. गर्दीत ती सांभाळणाऱ्याचं गाण्याकडे लक्ष राहत नाही, आणि काच फुटली की संध्याकाळ तिथेच संपली.

२. पाऊण तास आधी पोचा. आत शिरल्यावर चुकामूक झाली तर भेटायची जागा ठरवा. गर्दीत फोन लागत नाहीत.

३. बसायचा क्रम : काकू वाटेच्या कडेला, तिच्या शेजारी तिला सर्वांत सोयीचं वाटणारं एक माणूस. ते तिनंच निवडायचं. आमच्याकडे तिनं माझ्या आईला निवडलं. दोघी जावा.

४. खूण ठरवा. तिनं हातावर दोनदा थोपटलं की तिची जोडीदार काही न विचारता तिच्याबरोबर बाहेर पडेल. बाकीचे बसून राहतील.

५. फोन एकाच माणसाकडे. त्यानं एकच गाणं रेकॉर्ड करायचं, बाकीच्यांचे फोन खिशात.

६. ओरडून फर्माईश करू नका. वाद्यांचं ट्यूनिंग आणि लाइट आधी ठरलेल्या क्रमानं लागलेले असतात. मधून ओरडलं की फक्त शेजारचे वळून आपल्याकडे बघतात.

७. आणि त्याचं गाणं सुरू झालं की काकूकडे बघू नका. हे जमायला सगळ्यात अवघड. आठ माना एकदम तिच्याकडे वळल्या की तिला आपल्यासाठी चेहरा सावरावा लागतो. स्टेजकडे बघा.

मी बघितलं नाही. पण लीड सुरू झाली तेव्हा खुर्चीच्या हातावर तिची बोटं चालू होती, तेवढं डोळ्याच्या कडेला दिसलं. डाव्या हाताची चार बोटं दाबली जात होती, उचलली जात होती, त्याची जशी चालायची तशी. ती कधीच गिटार शिकलेली नाही.

टप्पा ८ : कार्यक्रमानंतर लगेच पांगू नका

बाहेर पडल्यावर कान अजून गुणगुणत असतात आणि कुणालाच काय बोलावं कळत नाही. घरी सोडून ‘चला, गुड नाइट’ म्हटलंत तर ती अंधाऱ्या खोलीत एकटी पडते. तासभर एकत्र बसायची सोय आधीच करून ठेवा. हॉटेलचा गोंगाट नको. आम्ही सूरसागरच्या पाळीवर बसलो, मग घरी जाऊन सकाळीच करून ठेवलेला मऊ भात आणि मेतकूट.

कसं वाटलं, असं विचारू नका. बारीक, उत्तर देता येईल असं विचारा: ड्रमर कसा होता? दुसऱ्या गाण्यात बेस फार मोठा होता का? वादकाच्या घरात बोलणं असंच सुरू होतं. काकू म्हणाली, “पोरगा चांगला वाजवत होता, पण शेवटची तार ताणायला घाई करतो. हा थांबायचा.” आणि तिथून ती रात्री एकपर्यंत बोलत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळं ताजं असताना, फोनवर तिचं बोलणं रेकॉर्ड करा. परवानगी घेऊन, पंखा बंद करून, फोन तिच्यापासून हातभर अंतरावर ठेवून. कॅसेटवरून केलेली फाइल लावा आणि मध्ये थांबवत विचारा: हे कुठे वाजवलं होतं, मागे कोण बोलतंय? फाइलच्या नावात तारीख घाला. दोन प्रती, दोन घरांत. मग गिटारच्या तारा थोड्या सैल करा, केसमध्ये सिलिका जेलची पुडी टाका आणि केस कपाटावर न ठेवता खाली, पोरांचा हात पोचेल अशा जागी ठेवा.